विधवेच्या दोन दमड्या आणि चर्चची दानपेटी

आजचा विषय आहे श्रद्धा, सेवा आणि दान. कॅथलिक धर्मग्रामात या तीन गोष्टी एकत्र नांदतात. त्या कशा नांदतात, आणि त्यांचं कुठे बिनसतं, हे बघायचं आहे. त्यासाठी एकच उतारा घेऊ या. मार्कच्या शुभवर्तमानातला, बाराव्या अध्यायाच्या शेवटचा.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसलाय. श्रीमंत येतात, भरपूर टाकतात. एक गरीब विधवा येते आणि तांब्याची दोन अगदी बारीक नाणी टाकते. येशू शिष्यांना सांगतो की हिने सगळ्यांपेक्षा जास्त दिलं, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं आणि हिने जगण्यासाठी होतं तेच दिलं. त्या दोन नाण्यांची किंमत किती? मजुराच्या एका दिवसाच्या रोजाचा चौसष्टावा भाग. आजच्या हिशेबाने एक कप चहासुद्धा नाही.

या उताऱ्यावरचं नेहमीचं प्रवचन असं असतं: बघा, त्या गरीब बाईने सर्वस्व दिलं, मग आपण का मागे राहावं? आणि लगेच छपराच्या दुरुस्तीचा, नव्या सभागृहाचा विषय निघतो. माझा आक्षेप या वाचनावर आहे.

जरा मागच्या ओळी वाचा. अडतिसाव्या ते चाळीसाव्या वचनांत येशू शास्त्र्यांवर तुटून पडतो. लांब झगे घालून मिरवतात, मानाच्या जागा पटकावतात, आणि विधवांची घरंदारं गिळतात, असं तो म्हणतो. पुढच्याच दृश्यात एक विधवा येते आणि शेवटचा पैसा टाकून जाते. त्यानंतर तेरावा अध्याय सुरू होतो आणि येशू सांगतो, या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. आता सांगा, मधली गोष्ट फक्त कौतुकाची कशी असेल? अमेरिकन अभ्यासक ॲडिसन राइट यांनी १९८२ साली हाच प्रश्न विचारला होता: ही स्तुती आहे की शोक? येशू तिचं मोठेपण सांगतो, पण ‘तुम्हीही असंच करा’ असं तिथे कुठेही म्हणत नाही.

आणखी एक बघा. अनुवादाच्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायात, नियम आहे की दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, आणि तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा. म्हणजे नियमाप्रमाणे या बाईला मिळायला हवं होतं. प्रत्यक्षात तीच देऊन जाते. इथे व्यवस्था उलटी झालीय.

कॅथलिक मिस्सेत हा उतारा तीन वर्षांतून एकदा, सामान्य काळाच्या बत्तिसाव्या रविवारी येतो. मागच्या वेळी १० नोव्हेंबर २०२४ ला आला होता. वाचनाचे दोन पर्याय दिलेले असतात, एक लांब, एक आखूड. आखूड पर्यायात काय गाळलंय? नेमकी शास्त्र्यांवरची टीका! वेळ वाचवायला आखूड वाचलं की विधवा उरते आणि तिचं घर गिळणारे गायब होतात. हे कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. पण परिणाम तोच होतो.

आता तुम्ही म्हणाल, प्रोफेसर, बोलायला सोपं आहे. कोकणातला पाऊस कुणाला थांबत नाही. कौलं फुटतात, विजेचं बिल येतं, धर्मगुरूंनाही जेवावं लागतं. अगदी बरोबर. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात, २२२ व्या कलमात, चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य सांगितलंय, आणि ते योग्यच आहे. जो फक्त घ्यायला येतो तो गिऱ्हाईक असतो, घरचा नसतो.

आपल्या भागाला हे वेगळं सांगायची गरज नाही. सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ साली, पुण्यापासून वेगळा होऊन झाला. सावंतवाडीला त्याचं केंद्र. पण देण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गोवेकरांच्या कुडी होत्या, काही अजून आहेत. गावागावाची वेगळी कूड. बोटीवर जाणारा तारवटी, नोकरी शोधणारा पोरगा, थोडक्या पैशात तिथे राहायचा. संध्याकाळी वेदीसमोर रोझरी व्हायची आणि गावच्या फेस्ताला पैसे जायचे. तिथे श्रद्धा, सेवा आणि पैसा असे तीन कप्पे नव्हते. ज्याने वर्गणी दिली त्यालाच अडचणीत खाट मिळायची. पैसा कुठे जातो ते डोळ्यांसमोर होतं.

अमेरिकेच्या बिशपांनी १९९२ साली विश्वस्तवृत्तीवर एक पत्र काढलं. आपल्याला मिळालेलं सगळं देवाची ठेव आहे, हा त्याचा गाभा. विचार चांगला आहे. व्यवहारात मात्र त्याची त्रिसूत्री झाली: वेळ, कौशल्य, संपत्ती. आणि या तिघांतलं एकच मोजता येतं. देणगीदाराचं नाव संगमरवरावर कोरलं जातं. वीस वर्षं धर्मशिक्षण शिकवणाऱ्या, शनिवारी चर्च झाडून फुलं लावणाऱ्या बायकांची नावं कुठे असतात? हे फक्त चर्चचं नाही हो. आपल्या देवळांच्या पायऱ्या बघा, सप्ताहाच्या पावत्या बघा. मोठ्याने पुकारली जाते ती रक्कम.

ॲरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात म्हणतो की औदार्य रकमेवर ठरत नाही, देणाऱ्याच्या ऐपतीवर आणि वृत्तीवर ठरतं. येशूचं माप तेच आहे. पण या मापाला दुसरी बाजू आहे, ती घेणाऱ्याची. घेणाऱ्याची नीती काय?

ती पौलाकडे सापडते. जेरुसलेमच्या गरिबांसाठी त्याने वर्गणी गोळा केली. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, तो तीन गोष्टी सांगतो. जे आहे त्यातून द्या, जे नाही त्यातून नको. इतरांना आराम आणि तुम्हाला ओढाताण असं नको, समानता हवी. आणि पैसे न्यायला मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर हवा, कुणी बोट दाखवू नये म्हणून. आजच्या कायद्यातही हे आहेच. प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती हवी, असं ५३७ वं कलम सांगतं. ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामासाठी ते वापरावं, हे १२६७ वं. श्रद्धावंतांनी दिलेल्याचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा, हे १२८७ वं. दानाच्या आवाहनाइतक्याच वेळा ही कलमं वेदीवरून वाचली जावीत.

आणि सेवेबद्दल. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांसोबत काम सुरू केलं, ते पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर गेलं. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचे. त्यांचा आग्रह होता की गरिबाच्या घरी स्वतः जायचं. का? घरी गेलं की कुणाकडून मागायचं आणि कुणाला द्यायचं हे कळतं. दानपेटीला ते कळत नाही.

तेव्हा हा उतारा २०२७ मध्ये परत येईल तेव्हा धर्मगुरूंना एवढंच सुचवावंसं वाटतं: लांब पर्याय वाचा. ‘ती इतकं देते, तुम्ही किती देता?’ हा प्रश्न विचारा, जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, ‘ती बाई घरी गेल्यावर काय जेवली?’ ज्या धर्मग्रामाला याचं उत्तर माहीत असतं, त्याला देणगीसाठी फार आवाहनं करावी लागत नाहीत, असं मला वाटतं.

थांबतो. कुणाला हे वाचन पटलं नसेल तर अवश्य बोला, वाद घालू.