'पिता' आणि 'जन्महेतू' : एका आत्मकथनाचा शब्दविचार

रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीपाचे वर्णन करताना कालिदासाने 'पिता' आणि 'जन्महेतू' या दोन शब्दांत केलेला भेद संस्कृतच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. प्रजेला वळण लावणारा, तिचे रक्षण व भरण करणारा राजा हाच तिचा पिता. जन्म देणारे ते केवळ जन्माचे निमित्त. कालिदासाच्या ठायी ही राजस्तुती होय. अमेरिकन लेखिका डॅनी शपिरो यांच्या 'इनहेरिटन्स' (२०१९) या आत्मकथनात मात्र हाच भेद एका कन्येच्या जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसला आहे.

हकिकत थोडक्यात अशी. २०१६ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, पतीच्या सूचनेवरून शपिरो यांनी आपली लाळ डी. एन. ए. चाचणीसाठी धाडली. पित्याच्या पहिल्या विवाहातील कन्येशी आपले रक्ताचे नाते नाही, आणि म्हणून त्या पित्याशीही नाही, असे तीवरून निष्पन्न झाले. सनातनी ज्यू घराण्यातील ज्या पित्याला त्यांनी आयुष्यभर आपले मूळ मानले, तो त्यांचा जन्महेतू नव्हता. आईबाप दोघेही पूर्वीच निवर्तले होते. फिलाडेल्फियातील एका वंध्यत्वनिवारण संस्थेत घेतलेल्या उपचारांतून हा जन्म झाला होता व शुक्रदाता एक वैद्यकीय विद्यार्थी होता, हा शोध पुढे लागला. त्या दात्याचे नाव हाती येण्यास अवघे ३६ तास पुरले.

अशा चाचणीच्या निकालात दोन निरनिराळ्या जातींची विधाने एकत्र येतात. अमुक टक्के पूर्व युरोपीय ज्यू, अमुक टक्के फ्रेंच वा आयरिश, हे विधान कंपनीने गोळा केलेल्या नमुन्यांशी केलेल्या तुलनेचे फळ असते; नमुन्यांचा संग्रह बदलला की टक्केही बदलतात. दोन व्यक्तींमधील समान अंशाचे विधान मात्र निकटच्या नात्यांत जवळजवळ निःशंक असते : मातापित्यांशी निम्मा अंश समान, सावत्र भावंडांशी सुमारे चौथा. पहिले विधान समूहाचे नाव सांगते, दुसरे दोन देहांमधील अंतर मोजते. ही दोन्ही विधाने एकाच कागदावर येतात, त्यामुळे दुसऱ्याची निश्चिती पहिल्यास उसनी मिळते. वस्तुतः ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण मातेकडून येते आणि लेखिकेची माता ज्यूच होती. तेव्हा शास्त्रदृष्ट्या त्यांचे काहीच गेले नव्हते. तरीही सर्वस्व गेल्याची भावना त्यांना होते. धर्मशास्त्राने ज्यूपण अबाधित ठेवले तरी त्यांना हवे होते ते पित्याचे घराणे, आणि ते या नियमाच्या कक्षेत येतच नव्हते.

त्या काळी अशा उपचारांत दात्याचे शुक्र पतीच्या शुक्रात मिसळण्याची पद्धत होती. वैद्यकाच्या दृष्टीने तिला फारसा अर्थ नसेल. भाषेच्या दृष्टीने ती अत्यंत चतुर होती. तिने दांपत्याला एक क्रियापद उपलब्ध करून दिले : 'असू शकेल'. त्या एका संभाव्यार्थावर एक संसार उभा राहिला. चाचणीने त्याचे निश्चयार्थात रूपांतर केले, आणि ज्यांना ते विचारावयाचे ती दोन्ही माणसे उत्तर देण्यास उरली नव्हती. त्यांना किती ठाऊक होते हा प्रश्न लेखिका पुनःपुन्हा उकरतात. पुस्तकाची खरी वेदना येथे आहे.

परंतु याच ठिकाणी त्यांचा तोलही सुटतो. सोनेरी केस, निळे डोळे, नाझींच्या काळात ही मुलगी आम्हांला पाव मिळवून देती, असे बालपणी एका परिचित स्त्रीने काढलेले उद्गार, घरात वाटणारे परकेपण : सारे गतायुष्य त्या नव्या निष्कर्षाचा पुरावा म्हणून उलटे वाचू लागतात. परकेपणा कोणत्या लेखकाच्या बालपणी नसतो? पित्याची मूळ कन्या असूनही तो असता. शपिरो यांनी 'स्लो मोशन' (१९९८), 'डिव्होशन' (२०१०) आणि 'अवरग्लास' (२०१७) ही आत्मकथने पूर्वीच लिहिली होती. पहिल्याच्या केंद्रस्थानी पित्याचा अपघाती मृत्यू आहे. ते दुःख खोटे ठरले काय? तसे म्हणण्यास लेखिका धजत नाहीत, परंतु त्या दुःखाची बाजूही ठामपणे घेत नाहीत. चाचणीने जे विचारलेच नव्हते त्याचेही उत्तर तिला देऊ दिले, हा या ग्रंथाचा मोठा दोष होय.

याउलट, पित्याच्या वृद्ध भगिनीच्या भेटीचा प्रसंग अंतःकरणात रुतून बसतो. सर्व ऐकूनही ती भाची टाकीत नाही. इंग्रजीतील 'आंट' हा शब्द येथे अपुरा पडतो, कारण त्यात नाते कोणत्या बाजूचे ते कळत नाही. मराठीत ती 'आत्या' आहे, आणि 'आत्या' या शब्दाच्या पोटात 'बाप' बसलेला आहे. तिने स्वतःला आत्या म्हणवून घेणे म्हणजेच मृत भावाच्या वतीने पितृत्वाची साक्ष देणे होय.

हिंदू धर्मशास्त्रातील एक जुना वाद येथे सहज आठवतो. 'सपिंड' या शब्दातील 'पिंड' म्हणजे एका देहाचे अवयव, असे मिताक्षरेत विज्ञानेश्वर म्हणतो. जीमूतवाहनाच्या दायभागात तोच पिंड म्हणजे श्राद्धात अर्पण केलेला भाताचा गोळा. एकाने देह धरला, दुसऱ्याने कर्म. महाराष्ट्रात मिताक्षरेचे प्रामाण्य. तथापि देहाला धरून चालणाऱ्या या परंपरेनेही दत्तकाला गोत्र आणि धन दोन्ही दिले. शपिरो यांच्या आत्येला यांपैकी काहीच ठाऊक असण्याचे कारण नाही, पण तिचा कौल जीमूतवाहनाच्या बाजूस पडतो.

पुस्तकाचा अनुवाद करू पाहणाऱ्यास 'डोनर' या शब्दापाशी थांबावे लागेल. संस्कृत 'दाता' आणि लॅटिन 'डोनम' यांचा मूळ धातू एकच. परंतु मराठीत 'जन्मदाता' म्हणजे सरळ बापच. 'शुक्रदाता' म्हटल्याने वैद्यकाचा वास येतो. 'जनक' बरा, पण तोही बापाकडे झुकतो. शपिरो यांनी ही अडचण वेगळ्या रीतीने टाळली आहे. प्रारंभी संकोचून पुढे भेटीस आलेल्या त्या निवृत्त वैद्याला त्या नावाने संबोधतात, आणि तेही त्यांनी स्वतः ठेवलेल्या नावाने : 'बेन'. हिब्रूमध्ये या शब्दाचा अर्थ 'पुत्र' असा आहे. हा योगायोग की हेतू, ते कळावयास मार्ग नाही. 'वडील' हा शब्द मात्र अखेरपर्यंत पहिल्याच माणसाजवळ राहतो.