परीक्षण आणि गुण : ‘पिचफोर्क’ची मांडणी व तिचा अभिप्रेत वाचक

तरुण वाचकांसाठी काढलेल्या संगीतविषयक नियतकालिकाच्या मांडणीचा विचार बहुधा सजावटीच्या अंगाने होतो. भडक रंग, पानभर छायाचित्रे, उसळत्या अक्षरांतील शीर्षके यांनी तरुण मन वेधले जाते, असे गृहीत धरून चर्चा सुरू होते आणि मांडणी म्हणजे आशयावर चढवलेले आवरण, या समजुतीपाशी ती थांबते. जेरार जनेत या फ्रेंच समीक्षकाने 1987 मध्ये संहितेच्या उंबरठ्यांचा, म्हणजे शीर्षक, मुखपृष्ठ, लेखकनाम, प्रस्तावना यांसारख्या परिसंहितेचा जो विचार मांडला, त्यानंतर ही समजूत टिकण्यासारखी नाही. उंबरठा घराबाहेर नसतो. संहितेत कोणी, कोणत्या पवित्र्याने आणि कोणत्या अपेक्षेने शिरायचे, हे तिथेच ठरते. वोल्फगांग इझरने ज्याला संहितेचा अभिप्रेत वाचक म्हटले, तो संगीतविषयक संकेतस्थळाच्या बाबतीत पहिल्या वाक्यात नव्हे, तर पहिल्या वाक्याच्या वर असलेल्या पट्टीत घडवला जातो.

या दृष्टीने अमेरिकेतील ‘पिचफोर्क’ हे संकेतस्थळ विशेष अभ्यसनीय ठरते. लेखनाचा व्यावसायिक अनुभव नसलेल्या, नुकत्याच शाळेबाहेर पडलेल्या रायन श्रायबरने ते मिनिआपोलिस परिसरातील आईवडिलांच्या घरातून सुरू केले. 1995 मध्ये त्याचे नाव ‘टर्नटेबल’ होते, 1996 मध्ये ‘पिचफोर्क’ झाले आणि 1999 मध्ये त्याचा मुक्काम शिकागोला हलला. तेव्हाच्या मुद्रित नियतकालिकांशी तुलना केली तर एक विरोधाभास समोर येतो. त्याच दशकात डेव्हिड कार्सन ‘रे गन’ या मासिकात सुवाच्यतेलाच आव्हान देत होता. 1994 मध्ये ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून त्याने ती अक्षरांऐवजी ‘झाप्फ डिंगबॅट्स’ या चिन्हटंकात लावली. म्हणजे मजकूर छापला, पण वाचता येणार नाही असा. त्याआधी 1976 मध्ये लंडनच्या मार्क पेरीने काढलेल्या ‘स्निफिन ग्लू’ या पंक अनियतकालिकाने टंकलिखित पाने, हाताने खरडलेली शीर्षके आणि झेरॉक्स यांतूनच बंडखोरीचा घाट सिद्ध केला होता. तारुण्य म्हणजे विस्कळितपणा, अवज्ञा, अक्षरांची मोडतोड, हा दृश्य संकेत त्यामुळे रूढ झालेला होता. ‘पिचफोर्क’ने तो घेतला नाही. पांढरे पान, काळी अक्षरे, सरळ स्तंभ, वर अल्बमच्या मुखपृष्ठाचा लहान चौकोन, असे तिचे परीक्षणपृष्ठ हळूहळू स्थिरावत गेले. सुरुवातीच्या साधेपणाचे कारण अर्थातच तांत्रिक होते. मंद दूरध्वनी-जोडणीवर मोठे चित्र उतरायला वेळ लागे, आणि एकट्या तरुणाला याहून अधिक काही उभारणे अवघड होते. परंतु पुढे पैसा आणि कारागीर दोन्ही उपलब्ध झाल्यावरही परीक्षणपृष्ठाने आपला संयम सोडला नाही. गरजेचे रूपांतर शैलीत झाले, असे येथे म्हणावे लागते.

या संयमाचे आवाहन कोणाला होते? या पृष्ठाची रचना नीट पाहावी. कलावंताचे नाव, अल्बमचे नाव, त्याखाली ध्वनिमुद्रण-कंपनीचे नाव आणि वर्ष, मग परीक्षकाचे नाव व दिनांक. सर्वसाधारण श्रोत्याला कंपनीच्या नावाचे प्रयोजन नसते. ‘मर्ज’ किंवा ‘फोर एडी’ ही नावे वाचून ज्याच्या मनात काहीएक नादविश्व जागे होते, त्यालाच ती ओळ उद्देशून आहे. ज्याच्या मनात ते जागे होत नाही, त्यालाही ती काही सांगते : असे काही जाणणारे लोक असतात आणि तुलाही त्यांच्यात बसता येईल. सारा थॉर्नटनने 1995 मध्ये नृत्यगृहांतील तरुणांच्या अभ्यासात ‘उपसांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना मांडली, ती बूर्द्यूच्या अभिरुचिविचाराला तरुणांच्या जगात नेणारी होती. वडिलोपार्जित संपत्ती वा पदवी नसलेल्या तरुणाला ‘आधी ऐकलेले असणे’ हेच भांडवल असते. ‘पिचफोर्क’ची मांडणी या भांडवलाचा हिशेब ठेवण्याची वही आहे. ती वाचकाला रिझवीत नाही, त्याला गंभीर मानते. आणि विशीतल्या माणसाला गंभीर मानले जाण्याइतके आकर्षक दुसरे काही क्वचितच असते.

मात्र या पृष्ठाचा खरा केंद्रबिंदू वेगळाच आहे. तो म्हणजे अंक. शून्य पूर्णांक शून्यपासून दहा पूर्णांक शून्यपर्यंत, एका दशांशासह, म्हणजे एकूण 101 पायऱ्या. ‘रोलिंग स्टोन’ने दीर्घकाळ पाच ताऱ्यांची पद्धत वापरली. तारा हा अंदाजाचा संकेत आहे. तीन तारे म्हणजे ‘बरे आहे’, याहून फारसे काही कोणी त्यातून काढत नाही. 7.8 आणि 7.9 यांच्यात मात्र काहीतरी निश्चित अंतर आहे असा भास होतो. हे अंतर कोणत्या निकषावर मोजले, हे परीक्षणात कधीच सांगितलेले नसते आणि सांगता येणारही नाही. दशांशचिन्ह हे मोजमापाचे नव्हे, मोजमापाच्या आविर्भावाचे चिन्ह आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, ते प्रभावी ठरते.

मराठीत ‘गुण’ हा शब्द वस्तूच्या अंगभूत धर्मासाठीही वापरला जातो आणि उत्तरपत्रिकेवर लाल शाईने मांडलेल्या आकड्यासाठीही. ‘परीक्षण’ आणि ‘परीक्षा’ यांचा धातूही एकच आहे. एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर नकळत घसरण्याची जी सोय भाषेने येथे करून ठेवली आहे, तीच सोय ‘पिचफोर्क’ने पानाच्या रचनेतून साधली. कलाकृतीचे गुण शोधणारे गद्य आणि कलाकृतीला दिलेले गुण ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले विवरणात्मक आहे आणि त्याच्याशी वाद घालता येतो. दुसरे निवाड्याचे आहे, त्याच्याशी फक्त भांडता येते. पृष्ठावर दुसरे आधी येते, मोठ्या टंकात येते, आणि ‘सर्वोत्कृष्ट नवे संगीत’ अशी मोहोर लाभलेल्या अल्बमचा अंक अलीकडच्या मांडणीत लाल होतो. निकाल आधी आणि खटला नंतर, असा हा क्रम आहे.

या क्रमाचे तरुण वाचकाशी असलेले नाते लक्षात घेतले पाहिजे. अठरा ते तीस या वयाचा वाचक परीक्षापद्धतीतून नुकताच बाहेर पडलेला किंवा अजून तिच्यात अडकलेला असतो. आयुष्यभर त्याला गुण देण्यात आले आहेत. येथे त्याला प्रथमच टेबलाच्या पलीकडची खुर्ची मिळते. अंक पाहायचा, मान हलवायची किंवा संतापायचे, आपला अंक मनात मांडायचा आणि मग खाली उतरून परीक्षकाने असे का केले ते वाचायचे, हे या पृष्ठाने घडवलेले वाचन आहे. येथे एक गोष्ट अंकाच्या बाजूनेही नोंदवणे न्याय्य ठरेल. दर कामाच्या दिवशी चार-पाच, कित्येकदा हजार शब्दांची, अपरिचित बँडबद्दलची परीक्षणे लोकांनी वाचली, ती या अंकाशी भांडण्यासाठी वाचली. आकड्याच्या दारातून का होईना, एक संपूर्ण पिढी दीर्घ सांगीतिक गद्याच्या घरात शिरली. समीक्षेच्या कैवाऱ्यांनी अंकाचा धिक्कार करताना हे विसरू नये.

परंतु दार हेच घर झाले की काय होते, त्याचे उदाहरण 2006 मध्ये मिळाले. ‘जेट’ या ऑस्ट्रेलियन बँडच्या ‘शाइन ऑन’ या अल्बमला 0.0 गुण देऊन परीक्षणाच्या जागी एका चिंपांझीची ओंगळ चित्रफीत लावण्यात आली. खाली परीक्षणाचे एक वाक्यही नव्हते. पुष्कळ वाचकांना तो उत्तम विनोद वाटला. विनोद म्हणून तो आहेही. पण रूपबंधाच्या दृष्टीने पाहता या पानाने एक गोष्ट उघड केली : अंक उरला तर मजकूर नसला तरी परीक्षण पूर्ण वाटते. त्याआधी 2004 मध्ये ट्रॅव्हिस मॉरिसनच्या ‘ट्रॅव्हिस्टन’लाही 0.0 मिळाले होते, तेव्हा निदान गद्य होते. त्याच वर्षी ‘आर्केड फायर’च्या ‘फ्युनरल’ला 9.7 मिळाले आणि कॅनडातील फारसा कोणाला ठाऊक नसलेला एक बँड काही आठवड्यांत सर्वतोमुखी झाला. त्या परीक्षणातील एखादे वाक्य आज किती जणांना आठवत असेल? अंक आठवतो. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘मेटाक्रिटिक’ने तर निरनिराळ्या नियतकालिकांचे निवाडे शंभराच्या पट्टीवर आणून त्यांची सरासरी काढण्याचाच उद्योग मांडला, आणि दशांशचिन्ह पुसले की ‘पिचफोर्क’चा अंक त्या पट्टीत अनायासे बसतो. मजकुराला असा प्रवास करता येत नाही.

अभिप्रेत वाचक तरुण आहे, एवढे म्हणूनही भागत नाही. 2012 मध्ये या संकेतस्थळाने 1996 नंतरच्या अल्बमांबद्दल वाचकांचा कौल घेतला, तेव्हा कौल देणाऱ्यांत सुमारे 88 टक्के पुरुष होते. हा योगायोग नव्हे. याद्या करणे, क्रम लावणे, दशांशापर्यंत वाद घालणे, संग्रहाचा अभिमान बाळगणे या गोष्टी ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील पुरुषी संस्कृतीतून आल्या होत्या आणि मांडणीने त्यांना पानावर कायमचे घर दिले. तटस्थ भासणारे पांढरे पान तटस्थ नव्हते. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये ‘काँदे नास्त’ या प्रकाशनसंस्थेने ‘पिचफोर्क’ विकत घेतले, तेव्हा त्या संस्थेच्या एका अधिकाऱ्याने या व्यवहारामुळे एका विशिष्ट पिढीच्या उत्कट पुरुष वाचकांची भर पडेल, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यावर टीका झाली, कारण संपादकवर्ग तोपर्यंत हिप-हॉप, पॉप आणि स्त्री-कलावंतांकडे अधिकाधिक वळत होता. तरीही त्या उद्गारात एक सत्य होते. जाहिरातदाराला विकायची वस्तू संगीत नव्हती, परीक्षणही नव्हते. मांडणीने घडवलेला वाचक हीच ती वस्तू होती.

मध्यंतरी मांडणीने आणखी एक वळण घेतले होते. 2012 मध्ये ‘बॅट फॉर लॅशेस’ आणि 2013 मध्ये ‘डाफ्ट पंक’ यांच्यावरील दीर्घ लेख पडदा सरकवताना हलणाऱ्या छायाचित्रांसह सादर झाले. ते देखणे होते, त्यांचा गाजावाजाही झाला. पण त्यांच्यात ‘पिचफोर्क’चे असे काही नव्हते. मोठ्या नियतकालिकाचे मुखपृष्ठ पडद्यावर आणण्याची ती हौस होती आणि परीक्षणपृष्ठाला तिचा स्पर्श झाला नाही. याउलट 2016 पासून दर रविवारी एका जुन्या अल्बमचे परीक्षण देण्याचा उपक्रम मांडणीत फारसा बदल न करताही महत्त्वाचा ठरला. जन्मापूर्वीचे संगीत आजच्याच चौकटीत, त्याच दशांशासह समोर आले, आणि भूतकाळालाही गुणपत्रिका मिळाली.

ज्या काळात अंकाचा जन्म झाला, त्या काळात अल्बम ऐकण्यासाठी तो विकत घ्यावा लागे. अंक हा खिशाला दिलेला सल्ला होता. 2011 मध्ये ‘स्पॉटिफाय’ अमेरिकेत आल्यानंतर ऐकणे जवळजवळ विनामूल्य झाले. परीक्षण वाचण्याआधीच अल्बम ऐकून होऊ लागला. सल्ल्याची गरज संपली, निवाड्याची संपली नाही. अंक आता खरेदीऐवजी ओळखीसाठी वापरला जाऊ लागला : मी कोणाच्या बाजूचा आहे, हे सांगण्यासाठी. ब्रिटनमधील ‘एनएमई’ला ही उलथापालथ मुद्रित रूपात पेलता आली नाही. 1952 पासून निघणारे ते साप्ताहिक 2015 मध्ये विनामूल्य झाले आणि 2018 च्या मार्चमध्ये त्याचा छापील अंक थांबला. 1996 पासूनचे त्याचे संकेतस्थळ तेवढे चालत राहिले. ‘पिचफोर्क’चा आघात वेगळ्या स्वरूपाचा होता. 2024 च्या जानेवारीत ‘काँदे नास्त’ने ते ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकात विलीन करण्याचे जाहीर केले, अनेक संपादक-लेखकांना काढून टाकले. 2018 पासून संपादकपदी असलेल्या पूजा पटेल यांनाही जावे लागले. ज्या वाचकप्रतिमेतून बाहेर पडण्याचा प्रयत्न संपादकांनी काही वर्षे चालवला होता, तिच्याच कपाटात संकेतस्थळ परत ठेवले गेले.

त्या प्रयत्नाचा सर्वांत बोलका पुरावा 2021 च्या ऑक्टोबरमधील आहे. आपल्या जुन्या परीक्षणांपैकी 19 अल्बमांचे गुण शक्य असते तर कसे बदलले असते, हे ‘पिचफोर्क’ने एका स्वतंत्र पानावर सांगितले. ‘डाफ्ट पंक’च्या ‘डिस्कव्हरी’ला 2001 मध्ये श्रायबरने 6.4 दिले होते, ते 10 झाले. लिझ फेअरच्या 2003 मधील अल्बमला 0.0 मिळाले होते. एका स्त्रीने लोकप्रिय होऊ पाहण्याला दिलेली ती शिक्षा होती, असे पुष्कळांचे मत होते, आणि मूळ परीक्षकाने 2019 मध्ये त्याबद्दल क्षमाही मागितली होती. नव्या पानावर तिला 6.0 मिळाले. मूळ परीक्षणपृष्ठाला मात्र कोणी हात लावला नाही. तिथे अल्बमचा चौकोन, कंपनीचे नाव, वर्ष, आणि त्यांच्याजवळ मोठ्या टंकात तेच दोन शून्ये आहेत, मधल्या दशांशचिन्हासह.