द्विधा निष्ठेचे वाङ्मय : बेसबॉलचे तीन लेखक

खेळाविषयीचे लेखन मराठीत थोडे नाही. सामन्यांची वर्णने आहेत, खेळाडूंची चरित्रे आहेत, आणि बाळ ज. पंडितांच्या समालोचनाने तर क्रिकेटला घरातली मराठी मिळवून दिली. परंतु या साऱ्या लेखनाच्या केंद्रस्थानी खेळाडू असतो, नाहीतर सामना. प्रेक्षक येतो तो टाळ्या वाजवण्यापुरता. एखादा संघ आपल्याला ‘आपला’ का वाटतो, तो वडिलांकडून येतो की गावाकडून, आणि गाव बदलले तर तोही बदलतो का, हे प्रश्न आपल्या क्रीडालेखनाने क्वचितच हाताळले असावेत. अमेरिकेत बेसबॉलच्या निमित्ताने ते वारंवार हाताळले गेले. त्या वाङ्मयातील तीन लेखकांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. डोरिस कर्न्स गुडविन, रॉजर एंजल आणि स्टीफन जे गूल्ड हे तिघेही आयुष्यभराचे बेसबॉलप्रेमी, आणि तिघांच्याही वाट्याला या ना त्या रूपात द्विधा निष्ठा आलेली आहे.

बेसबॉलची तांत्रिक माहिती येथे फारशी लागणार नाही. दोन्ही संघ आळीपाळीने नऊ-नऊ वेळा फलंदाजी करतात, प्रत्येक वेळी तीन गडी बाद होईपर्यंत. बरोबरी झाली तर खेळ पुढे चालतो. हंगामाच्या शेवटी दोन मोठ्या लीगांचे विजेते ‘वर्ल्ड सिरीज’मध्ये भेटतात आणि ज्याने आधी चार सामने जिंकले तो विजेता ठरतो. महत्त्वाचे ते एवढेच की संघ शहराच्या नावाने ओळखला जातो आणि वर्षातले सहा-सात महिने जवळजवळ रोज खेळतो. त्यामुळे तेथील प्रेक्षकाचे संघाशी नाते सणावाराचे नसून रोजच्या शेजाराचे असते.

गुडविन या मूळच्या इतिहासकार. अमेरिकन राष्ट्राध्यक्षांची चरित्रे हे त्यांचे क्षेत्र. ‘वेट टिल नेक्स्ट इयर’ हे १९९७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे बालपणीच्या आठवणींचे पुस्तक. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डॉजर्स संघ हा त्यांच्या वडिलांचा संघ. मुलगी सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला सामन्याची नोंदवही दिली आणि खुणांच्या भाषेत प्रत्येक चेंडूचा हिशेब कसा मांडायचा ते शिकवले. दुपारी रेडिओवर ऐकलेला सामना संध्याकाळी कामावरून परतलेल्या वडिलांना ती वहीच्या आधाराने साद्यंत सांगत असे. आपण सांगितले नाही तर वडिलांना निकाल कळणारच नाही, अशी त्या वयात तिची खात्री होती. वर्तमानपत्रात सारे छापून येते हे कळण्याआधीच तिला कथनाची विद्या लाभली होती. एका इतिहासकाराच्या घडणीचे इतके निर्मळ चित्रण विरळाच.

पहिल्या कबुलीजबाबाच्या वेळी धर्मगुरूंसमोर त्या मुलीने प्रतिस्पर्धी खेळाडूंना दुखापत व्हावी अशी इच्छा केल्याचे पाप कबूल केले, हा प्रसंग गुडविन विनोदाच्या अंगाने रंगवतात. पण त्यात एक गंभीर सत्य दडलेले आहे. एकनिष्ठ प्रेक्षकाला प्रतिस्पर्धी हा माणूस म्हणून दिसतच नाही. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये तीन मोठे संघ होते, आणि गुडविन यांच्या उपनगरातील एकाच रस्त्यावर डॉजर्स, जायंट्स व यँकीज या तिघांचेही भक्त राहत. त्या शेजाराचे चित्र पुस्तकात सुरेख उतरले आहे. डॉजर्सनी १९५५ साली यँकीजना हरवून पहिले जगज्जेतेपद मिळवले. दोनच वर्षांनी, १९५७ च्या हंगामानंतर, मालकाने संघ थेट लॉस एंजेलिसला नेला आणि जायंट्सही सॅन फ्रान्सिस्कोला गेले. लवकरच, गुडविन पंधरा वर्षांच्या असताना, त्यांची आजारी आई वारली. संघ जाणे आणि आई जाणे या दोन घटना पुस्तकात शेजारी शेजारी येतात. लेखिका त्यांची बळजबरीने सांगड घालत नाही, हा तिचा संयम वाखाणण्याजोगा आहे.

माझा आक्षेप आहे तो पुस्तकाच्या शेवटाला. काही वर्षे बेसबॉलकडे पाठ फिरवलेल्या गुडविन हार्वर्डला शिकायला जातात आणि बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाच्या होतात. पुढे आपल्या मुलांना घेऊन त्या त्याच मैदानावर बसतात, आणि तेथे त्यांना आपले वडील पुन्हा भेटल्यासारखे वाटते. हे हृद्य आहे, पण फार नेटके आहे. एक निष्ठा संपली, दुसरी सुरू झाली. मध्ये काही काळ सुतक. दोन्ही निष्ठा एकाच वेळी जिवंत राहून एकमेकींशी भांडल्या तर काय होते, हा खरा अवघड प्रश्न गुडविन यांच्यापुढे येत नाही, कारण त्यांचा पहिला संघच गाव सोडून गेला. माणसाने गाव सोडले असते तर?

त्या प्रश्नाचे उत्तर एंजल यांच्याकडे मिळते. १९२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले आणि २०२२ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी निवर्तलेले एंजल हे ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाचे कथाविभागाचे संपादक. बेसबॉल हा त्यांचा पेशा नव्हे. १९६२ साली संपादकांनी त्यांना हंगामपूर्व सरावाचे वर्णन लिहायला पाठवले आणि तेथून अर्धशतकाहून अधिक काळ ते लिहीत राहिले. ‘द समर गेम’ (१९७२) व ‘फाइव्ह सीझन्स’ (१९७७) हे त्यांचे गाजलेले संग्रह. प्रारंभापासून त्यांनी पत्रकारांच्या कक्षाइतकेच महत्त्व प्रेक्षकांतल्या बाकाला दिले. त्याच १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये मेट्स हा नवा संघ जन्मला. गेलेल्या डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी असे दोन रंग त्याने घेतले. म्हणजे त्याच्या गणवेशातच दोन दुरावलेल्या निष्ठा शिवलेल्या होत्या. पहिल्याच हंगामात हा संघ १२० सामने हरला, आणि तरीही लोक त्याच्यासाठी घसा फोडून ओरडत. हरणाऱ्यावर असे प्रेम का जडते, याचा शोध एंजल यांनी घेतला. मेट्स हा त्यांचा नगरसंघ झाला. दुसरीकडे उन्हाळे मेन राज्यात जात. तेथे साऱ्या मुलुखाचा देव रेड सॉक्स. तीही निष्ठा रुजली.

संघावर एवढे प्रेम करणे हास्यास्पद आहे, ही टीका एंजल यांना ठाऊक होती. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजवर लिहिताना त्यांनी तिला दिलेले उत्तर बेसबॉल-वाङ्मयात मान्यता पावले आहे. त्याचा आशय असा की कशाची तरी मनापासून, उत्कटतेने आस्था बाळगणे ही गोष्टच आपल्या आयुष्यातून ओसरत चालली आहे. ती आस्था टिकून असेल तर तिचा विषय किती क्षुल्लक आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. मला हे उत्तर अर्धेच पटते. विषय क्षुल्लक चालेल, पण आस्था दोन ठिकाणी विभागलेली असेल तर? ती उत्कटच राहते, की पातळ होते?

१९८६ साली हा प्रश्न तात्त्विक राहिला नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर आले मेट्स आणि रेड सॉक्स. २५ ऑक्टोबरच्या सहाव्या सामन्यात, दहाव्या डावात, रेड सॉक्स ५-३ असे पुढे होते. मेट्सचे दोन गडी बाद, बेसवर कोणी नाही. आणखी एक गडी, की बॉस्टनला १९१८ नंतरचे पहिले जगज्जेतेपद. तेथून मेट्सनी लागोपाठ तीन फटके मारले, एक चेंडू भरकटला आणि बरोबरी झाली. मग मुकी विल्सनचा सरपटी फटका बिल बकनरच्या पायांमधून निसटला आणि सामना ६-५ असा मेट्सकडे गेला. सातवा सामनाही त्यांनीच जिंकला.

त्या हंगामावरील ‘नॉट सो, बॉस्टन’ हा एंजल यांचा लेख मला या साऱ्या वाङ्मयातील सर्वांत प्रामाणिक वाटतो. आपले मन नेमके कोणाकडे आहे हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते. सहाव्या सामन्यात मेट्स हरणार असे दिसू लागले तेव्हा जी कळ उठली, ती काही दिवसांपूर्वी कॅलिफोर्नियात रेड सॉक्स अगदी कडेला पोहोचले असताना उठलेल्या कळेपेक्षा खोल होती. आणि त्यावरून त्यांना उमजले की आपण मेट्सचे. निष्ठेचा निवाडा येथे विचाराने झाला नाही, जयघोषानेही नाही. तो दुखण्याने झाला. कोणाचे जिंकणे आवडते हा प्रश्नच नव्हे. कोणाचे हरणे सोसवत नाही, हा आहे.

पण लेखाची थोरवी या निवाड्यात नाही, त्यानंतर जे घडते त्यात आहे. आपण मेट्सचे हे कळल्यावरही एंजल यांना बॉस्टनचे दुःख परके होत नाही. विजेत्यांच्या शहरात बसून हरलेल्यांविषयी त्यांनी जे लिहिले त्यात उपहास नाही, आणि उपकाराची भावनाही नाही. एकनिष्ठ माणूस प्रतिस्पर्ध्याला दुखापत होवो असे मागतो. द्विधा निष्ठेच्या माणसाला ते मागताच येत नाही, कारण पलीकडेही त्याचे कोणीतरी बसलेले असते. त्याची आस्था पातळ होत नाही. ती दुप्पट होते, आणि तिची किंमतही दुप्पट मोजावी लागते. एंजल यांच्या लेखनात दोष नाहीत असे नव्हे. सुखवस्तू निरीक्षकाचा सैलपणा त्यांच्या लांबलचक हंगामवृत्तांतांत जाणवतो. या लेखात मात्र तो कोठेही आड येत नाही.

गूल्ड यांची स्थिती आणखी वेगळी. हे विख्यात जीवाश्मशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये वाढले, यँकीजचे भक्त झाले आणि १९६७ पासून हार्वर्डमध्ये अध्यापक म्हणून, म्हणजे रेड सॉक्सच्या अगदी गाभाऱ्यात, राहिले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘ट्रायम्फ अँड ट्रॅजेडी इन मडव्हिल’ हा त्यांच्या बेसबॉल-निबंधांचा संग्रह २००३ मध्ये मरणोत्तर निघाला. गुडविन यांच्याप्रमाणे त्यांनी नव्या गावाचा संघ स्वीकारला नाही. परंतु बॉस्टनच्या सहवासाने त्यांच्या हातून एक मोलाचे काम करून घेतले. बकनरने तो चेंडू अडवला असता तर रेड सॉक्स जगज्जेते झाले असते, असे लोक सर्रास म्हणत, चांगले वार्ताहर लिहीतही. गूल्ड यांनी आपल्या एका निबंधात साधी वस्तुस्थिती पुढे ठेवली. तो फटका येण्याआधीच बरोबरी झालेली होती. चेंडू अडवला असता तर सामना फक्त लांबला असता, आणि सातवा सामना तर बाकीच होता. मग ही चूक सगळे का करतात? माणसाला एक अपराधी आणि एक क्षण असलेली सुबक गोष्ट हवी असते, आणि ती वस्तुस्थितीला आपल्या साच्यात ओढून घेते, हे गूल्ड यांचे उत्तर. हा निबंध ‘आय हॅव लँडेड’ या २००२ च्या संग्रहात आहे. ‘मी पोहोचलो’ या अर्थाचे ते शीर्षक त्यांच्या आजोबांनी १९०१ साली हंगेरीहून अमेरिकेत उतरल्यावर एका व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेल्या शब्दांवरून घेतले आहे.

गूल्ड यांच्याविषयी एक उणे मात्र नोंदवले पाहिजे. यँकीज हा सर्वाधिक जगज्जेतेपदे मिळवलेला संघ. अशा संघाच्या भक्ताला न्यायबुद्धी परवडते. त्यांच्या युक्तिवादात तेज आहे, पण एंजल यांची ती कळ नाही. वडिलांचे नाते गुडविन यांच्याकडे, विवेक गूल्ड यांच्याकडे. दोन्ही एकत्र सापडतात ते एंजल यांच्याकडेच, असा माझा निष्कर्ष आहे.

या वाङ्मयाशी आपला संबंध दूरान्वयाचा नाही. १९४५-४६ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाने बडोद्याला इंदुरात हरवले, आणि पुढच्याच वर्षी बडोद्याने आपल्या मैदानावर त्याची परतफेड केली. मार्च १९४७ मधील त्या सामन्यात विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. प्रथम श्रेणीतील तो विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. दोन्ही संस्थाने मराठी राजघराण्यांची. मामा इंदूरचे आणि काका बडोद्याचे अशी घरे आपल्यात किती होती, हे वाचकांना सांगायला नको. आणि स्वतः हजारे? जन्म सांगलीचा. १९३९-४० मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या; पुढे ते बडोद्याचे झाले आणि २००४ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही बडोद्यातच. त्यांच्या जोडीचा गुल महंमद मूळ लाहोरचा. भारताकडून खेळलेला हा फलंदाज १९५६ मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटी खेळला. या भागीदारीचे आकडे आपण जपले. ती पाहणाऱ्यांच्या मनात त्या दिवशी काय चालले होते, याची नोंद मात्र माझ्या पाहण्यात नाही.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न चार पिढ्या एका गावी काढलेल्या आपल्या कुटुंबांना अजूनही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला एकच गाव उत्तरात हवे असते. एंजल यांच्या लेखाने मला शिकवले ते हे की दोन गावांची नावे घेणारा माणूस काही लपवत नसतो. कोणत्या गावाचे दुःख त्याला अधिक बोचते हे प्रसंग आल्यावरच त्याला स्वतःला कळते, आणि कळल्यावरही दुसरे गाव त्याचे राहतेच. १९४७ चा तो सामना पाहिलेली मंडळी आज नव्वदीच्या आसपास असतील. आपापल्या घरात असे कोणी असेल, तर धावसंख्या विचारू नये. ती छापलेली आहे. त्या दिवशी कोण जिंकावे असे वाटत होते, आणि घरी परतल्यावर इंदूरच्या पाहुण्यांशी काय बोलणे झाले, ते विचारून लिहून ठेवावे. गुडविन यांच्या नोंदवहीसारखी एखादी वही आपल्याकडे अजूनही भरता येईल.