इशारे आले होते

कॉलेजात आम्ही मॅटलॅबची चोरीची कॉपी वापरायचो. आता अंबरनाथ पूर्वेच्या घरी, त्याला मोफत पर्याय असलेलं ग्नू ऑक्टेव्ह सोर्स कोडपासून कंपाइल करायला बसलो. 'कॉन्फिगर' चालवलं. ब्लास आणि लापॅक नसतील तर ते पुढेच जात नाही. क्यूहल नसलं, तर फक्त इशारा देतं. माझ्याकडे क्यूहल नव्हतं. तरी 'मेक' बिनबोभाट पार पडलं. चार दिवसांनी 'डेलॉने' वापरायला गेलो, तर ती सोय नव्हतीच.

माझा आक्षेप एवढाच: काय वगळलं हे ऑक्टेव्ह प्रामाणिकपणे सांगतं, पण कंटाळलेला माणूस जिथे वाचायचं थांबतो, नेमकं तिथे.

तरी मी ऑक्टेव्हच्याच बाजूने. त्याने फोरट्रान कंपायलर मागितला म्हणून तर कळलं, की समीकरणं सोडवणाऱ्या माझ्या एका ओळीखाली 1992 चं लापॅक आहे आणि त्याखाली 1979 चं ब्लास. तयार कॉपीने हे कधीच सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

माझी डिग्रीही अशीच झाली. इशारे आले, वाचले नाहीत, पास झालो. क्यूहल टाकलंय, 'कॉन्फिगर' पुन्हा चालवतोय. या वेळी शेवटपर्यंत वाचणार.