तिकिटाच्या खिडकीतून दिसलेली कला

मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादेला जाणारी निजामाची मीटरगेज गाडी आमच्याकडच्या चुडाव्याच्या शिवारातून धावू लागली ती 1900 च्या आगेमागे. 22 जानेवारी 1901 रोजी व्हिक्टोरिया राणी वारली. पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे ज्या वाटेने इकडे झटपट पोचली असती, ती वाट तयार होईतो व्हिक्टोरियन म्हणवणारा काळच सरला होता. त्याआधीची साठ-पासष्ट वर्षे मराठी वृत्तपत्रांनी नाटक, गाणे, चित्र यांवर पुष्कळ लिहिले. त्या लिखाणाची आज भक्तिभावाने पारायणे होतात. पण त्यात गोदा-पूर्णेकाठचा हा मुलूख कुठे आहे, असे विचारले तर उत्तर देताना अभ्यासकही चाचरतात. आमच्याकडे कला नव्हती म्हणून तो नाही, असे म्हणायची कोणाची छाती नाही. पत्रांची नजरच वेगळ्या जागी खिळलेली होती.

विष्णुदास भाव्यांचेच पाहा. 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' झाले ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय तुटला, आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडू लागले. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले, तेव्हा 'बॉम्बे टाइम्स'मध्ये त्यांची जाहिरात आली. दरबारात नाटकाला जाहिरात लागत नाही. भाड्याच्या नाट्यगृहात ती लागते. वृत्तपत्राचा आणि कलेचा संबंध इथे जडला, तो रसिकतेपोटी नव्हे, रिकाम्या खुर्च्यांच्या भीतीपोटी. परीक्षण आले ते जाहिरातीचे बोट धरून. ज्या खेळाला ठरलेली तारीख आहे, जागा आहे, तिकीट आहे आणि शक्यतो छापील पुस्तकही आहे, तोच पत्राला 'दिसतो'.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि दोन-सव्वादोन महिन्यांत, 4 जानेवारी 1881 ला, त्याच शहरात 'केसरी' निघाला. प्रेक्षक आणि वाचक बहुतांशी एकच. 'केसरी'चे संपादक आगरकर स्वतः हॅम्लेटचे 'विकारविलसित' (1883) करणारे. नाटकावर लिहायला याहून अनुकूल काळ कोणता? आणि तरीही त्या काळची परीक्षणे वाचताना माझी निराशाच होते. संविधानक औचित्याला धरून आहे का, रसभंग कुठे झाला, संस्कृत नाटककार किंवा शेक्सपिअर यांच्यापुढे हे कितपत टिकते, याचा काथ्याकूट भरपूर. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'विविधज्ञानविस्तारा'त 'विक्रम-शशिकले'ची चिरफाड करून लेखनाला सुरुवात केली; तीही मुख्यतः पुस्तकाची चिरफाड. बुद्धी लखलखीत, पण कान कुठे आहे?

कान हवा होता भाऊराव कोल्हटकरांसाठी. बडोद्याहून आलेल्या या मुलाच्या गळ्यावर 'सौभद्र' आणि त्यानंतरची किर्लोस्कर मंडळी उभी राहिली. भाऊराव 1901 मध्येच गेले. ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानात पहिली ध्वनिमुद्रणे केली ती 1902 च्या अखेरीस, कलकत्त्याला. म्हणजे त्या आवाजाची नोंद ठेवायला लेखणीशिवाय दुसरे साधनच नव्हते. लेखणीने ठेवले काय? गोड, पहाडी, मोहक. साकी म्हणताना शब्द कुठे तोडायचे, तान कोणत्या अक्षरावर घ्यायची, 'वन्स मोअर' नेमका कुठल्या जागेला पडायचा, हे जुन्या माणसांच्या आठवणींतून थोडेबहुत कळते. परीक्षणांतून ते हाती लागत नाही.

लावणीच्या बाबतीत तर हिशेबच वेगळा. किर्लोस्करी संगीतात साकी-दिंडीबरोबर लावणीच्या चाली सरळ आल्या आणि सोवळ्यातल्या प्रेक्षकांनी त्या डोक्यावर घेतल्या. तीच चाल फडात म्हटली की ग्राम्य. सावळजच्या उमाजीचे 'मोहना बटाव' हा वग 1865 च्या सुमाराचा. पण वग लिहिला, गाजला, गावोगाव चालला, याची दखल सुशिक्षितांच्या पत्रांनी घेतली नाही. पोवाड्याचे नशीब बरे निघाले. 1891 मध्ये अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला. साहेबाने हात लावला आणि विषय इतिहासाचा, त्यामुळे पोवाडा एका उडीत वाङ्मय झाला. लावणीला असा साहेब भेटला नाही. आणि जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न'? 1855 मध्ये लिहिलेले ते नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. छापून वाचकांपुढे यायला 1979 उजाडले.

हे सगळे त्या काळाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. राणीच्याच राजधानीत 1838 मध्ये 'द एरा' हे साप्ताहिक निघाले ते गुत्तेवाल्यांच्या हितासाठी. गुत्त्यांत गाणी होत, त्यांतून म्युझिक हॉल उभे राहिले, आणि हे पत्र हळूहळू नटनट्यांचे, गाणाऱ्यांचे, कसरतपटूंचे हक्काचे पत्र बनले. 'हलक्या' करमणुकीत ज्यांचा पैसा गुंतला होता त्यांच्या हाती छापखाना होता, म्हणून तिची दर आठवड्याला नोंद राहिली. आपल्याकडे फडमालकाच्या मागे असा छापखाना कधीच नव्हता. 'दीनबंधू' (1877) बहुजनांचे पत्र खरे, पण त्याच्यापुढे शेतकऱ्याचे कर्ज आणि गिरणीकामगाराचे तास होते. तमाशाची परीक्षणे लिहायला त्याला उसंत नव्हती.

'केसरी'ने 1893 पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेतला, तेव्हा मात्र पत्र नुसते प्रेक्षक राहिले नाही. मेळ्यांची पदे लोकांच्या तोंडी बसलेल्या चालींवर बांधली जात, आणि ती पदे पत्रांना चालत. चाल तीच, पण हेतू पटणारा होता.

आता चुडाव्याकडच्या एखाद्या लग्नघरचा गोंधळ घ्या. पाटावर नवे कापड, त्यावर धान्याचा चौक, मधे कलश, भोवती उसाची धाटे बांधलेली. संबळाची दोन तोंडे वेगवेगळी बोलतात, तुणतुण्याचा सूर सुटत नाही, आणि दिवटीत तेल घालायला घरातलेच कोणीतरी पुढे होते. गावोगावच्या दैवतांना नावे घेऊन बोलावून झाले की आख्यान लागते, ते उजाडेपर्यंत. मुख्य गोंधळी गातो, अभिनय करतो, मध्येच साथीदाराशी खट्याळ बोलतो आणि कंटाळलेल्या म्हाताऱ्याला जागा करतो. याची जाहिरात कोण देणार? तिकीट नाही, नाट्यगृह नाही, पुस्तक नाही. आमंत्रण भाऊबंदांना, तेही तोंडी. व्हिक्टोरियन पत्राच्या रकान्यात हे बसणारच नव्हते.

श्री. ना. बनहट्टींचा रंगभूमीचा इतिहास (1957) कष्टाने उभा केलेला ग्रंथ आहे, पण जुन्या फायलींवर विसंबून लिहिणाऱ्या प्रत्येकाला फायलींचे आंधळेपण वारशाने मिळते. मराठवाड्यात प्रभाकर मांडे आणि रुस्तुम अचलखांब यांनी फायली बाजूला ठेवून माणसांकडे जायची वाट धरली, त्यामुळे इकडचे खेळ निदान ग्रंथांत तरी आले. नव्याने स्कॅन झालेली जुनी पत्रे हाती आल्यावर ती वाट पुन्हा ओस पडेल की काय, अशी मला धास्ती वाटते; शोधखिडकीत शब्द टाकणे फार सोपे. निजामाच्या हैदराबादेतल्या त्या काळच्या उर्दू पत्रांत या भागाचे काही सापडेलही, पण त्यासाठी मराठी अभ्यासकाला ती लिपी शिकावी लागेल.

आजही दर मार्गशीर्षात आमच्याकडे माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तिथे तमाशाचे फड लागतात, वाघ्या-मुरळी येतात, लावणी महोत्सवही होतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, व्यासपीठावर कोण कोण होते, गर्दी आवरायला पोलिसांना काय करावे लागले, हे सगळे तपशीलवार असते. कोणती लावणी झाली आणि ती कशी गायली गेली, हे त्यात शोधून पाहावे.