डेटाबेस सर्व्हरची कार्यक्षमता आणि घटना-सूचना यंत्रणांचे मापन : एक चिकित्सा

प्रस्तावना : डेटाबेस सर्व्हर संथ का चालतो, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा त्याच्या घटना-सूचना यंत्रणेत शोधले जाते. कोणत्या जोडणीवर माहिती आली आहे, हे ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोग्रामला कळविणे हे या यंत्रणेचे कार्य होय. 1983 मध्ये 4.2 बीएसडीत आलेले 'सिलेक्ट', त्यानंतरचे 'पोल', 2000 मधील फ्रीबीएसडीचे 'केक्यू' आणि 2002 मध्ये लिनक्सच्या विकास-आवृत्तीत दाखल झालेले 'ईपोल' ही तिची प्रमुख रूपे आहेत. त्यांच्या तुलनेची रूढ पद्धत डेटाबेसला कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : रूढ चाचणीत हजारो निष्क्रिय आणि मोजक्या सक्रिय जोडण्या एकाच प्रक्रियेकडे सोपविल्या जातात. 'सिलेक्ट' व 'पोल' प्रत्येक वेळी संपूर्ण यादी तपासतात. 'ईपोल' एकदा केलेली नोंद जपून ठेवते. त्यामुळे निकाल जवळजवळ ठरलेलाच असतो. रेडिससारख्या सर्व्हरसाठी ही मांडणी योग्य आहे. पोस्टग्रेस्क्यूएल मात्र प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रक्रिया देते आणि ती प्रक्रिया मोजक्याच घटनांची वाट पाहते. तेव्हा येथे 'ईपोल'चा लाभ नगण्य ठरावा, असा तर्क सहज सुचतो.

परंतु हा तर्कही अपुरा आहे. 2015 च्या अखेरीस पोस्टग्रेस्क्यूएलच्या विकासाधीन आवृत्तीत, मुख्य प्रक्रिया बंद पडल्यास निष्क्रिय प्रक्रियांनीही थांबावे, अशी सुधारणा झाली. परिणामी प्रत्येक प्रक्रिया दर प्रतीक्षेच्या वेळी एकाच सामायिक पाइपची नव्याने नोंद करू लागली. मोठ्या लिनक्स यंत्रांवर या नोंदीसाठीच चढाओढ होऊन एका उदाहरणात कामगिरी सुमारे तिपटीने घसरली. मार्च 2016 मध्ये नोंद कायम ठेवणारी 'ईपोल'-आधारित रचना आली व 9.6 या आवृत्तीत समाविष्ट झाली. यादी आखूड असूनही पुनःपुन्हा होणारी नोंदच येथे महाग पडली होती.

निष्कर्ष : आकुर्डी-निगडी परिसरातील अभियांत्रिकी प्रयोगशाळांच्या दृष्टीने हे उदाहरण बोलके आहे. चार कोरच्या संगणकावर 'पीजीबेंच' चालवून 'यंत्रणांमध्ये फरक आढळला नाही' असे लिहिणारा प्रकल्प-अहवाल खोटा नसेल. मात्र वरील दोष त्याच्या नजरेतून निसटण्याचीच शक्यता अधिक. म्हणून प्रतिसेकंद व्यवहारांच्या आकड्यासोबत प्रोसेसरची संख्या, सक्रिय-निष्क्रिय जोडण्यांचे प्रमाण आणि सर्व्हरची प्रक्रिया-रचना नोंदविणे अनिवार्य मानावे. या तीन बाबींविना दिलेला आकडा परीक्षकांनी ग्राह्य धरू नये.