नीतिसूत्रांतील ‘भोळा’

बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात सुज्ञता व मूर्खता या दोन स्त्रिया आपापल्या घरी येण्याचे आमंत्रण देतात. दोघींचे शब्द जवळजवळ एकच आहेत आणि आमंत्रणही एकाच प्रकारच्या माणसास आहे. मूळ हिब्रूत त्यास ‘पेती’ म्हटले आहे. या शब्दाचा संबंध ‘उघडे असणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो; कोणाच्याही शब्दास ज्याचे मन उघडे, तो पेती. प्रचलित मराठी भाषांतरात त्यासाठी ‘भोळा’ हा शब्द योजिला आहे. परंतु भोळा भाव, भोळा शंकर अशा प्रयोगांमुळे मराठीत भोळेपणा हा बहुधा गुणच ठरतो. पेतीपुढील धोका त्यातून जाणवत नाही.

हा प्रश्न केवळ कोशाचा नव्हे. पेतीहून ‘केसील’, म्हणजे हट्टी मूर्ख, वेगळा. आणि ‘लेत्स’, म्हणजे उपहास करणारा, त्याहूनही वेगळा. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातही मूर्ख व पढतमूर्ख यांना स्वतंत्र समास आहेत. उपहास करणाऱ्यास बोध करू नये, असे नववा अध्याय सांगतो; सव्विसाव्यात तर मूर्खास उत्तर देऊ नये आणि द्यावे, अशी दोन सूत्रे लागोपाठ येतात. ही विसंगती नसून, ऐकणारा कोण हे पारखूनच बोलावे, हा त्यांचा एकत्रित अर्थ होय, असे आम्हांस वाटते. ही पारख नसलेल्या ख्रिस्ती उपदेशकाची शक्ती लेत्सशी वाद घालण्यात खर्ची पडते. आणि दोन दारांमध्ये उभा असलेला पेती, भला माणूस म्हणून, तसाच सोडला जातो.